सफरचंद बाहेरून लालबुंद, आतून काळं: फळवाला बदलण्याआधी वाण बघा

तक्रार दरवेळी तीच असते, घर तेवढं बदलतं. पेटी आली, चार घरांत वाटली, वरची पाच-सहा सफरचंदं झकास निघाली आणि पुढचं कापलं तर बियांभोवती राखाडी-काळी लव. बाहेरून एक डाग नाही, कुठे दबलेलं नाही, साल तुकतुकीत. मग सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडतो आणि खाली निदानांची रांग लागते. मेण लावलेलं असतं. रंगाचं इंजेक्शन देतात. गेल्या वर्षीचा माल आहे. शेवटी फळवाला बदलायचं ठरतं आणि पुढच्या महिन्यात नव्या फळवाल्याच्या सफरचंदाचा तसाच फोटो येतो.

आमच्याकडे वाशीच्या फळबाजारातून पेटी आणून वाटून घ्यायची पद्धत आहे. वाटपाचं काम माझ्याकडे, त्यामुळे हे फोटोही शेवटी माझ्याकडेच येतात. माझं मत आता पक्कं झालंय: या त्रासावर फळवाला बदलणं हा उपाय नाही, वाण बदलणं हा आहे. सफरचंदाचा प्रत्येक वाण कुठल्या ना कुठल्या रोगापुढे हात टेकतो, आणि कोण कुठे हात टेकणार हे बरंचसं ठरलेलं असतं. एकाचा गाभा कुजतो, दुसऱ्याच्या सालीखाली कडू ठिपके येतात, तिसरा शीतगृहातून बाहेर पडला की दोन-तीन दिवसांत तपकिरी होतो. म्हणून फोटो टाकण्याआधी तीन गोष्टी बघा. वाण कुठला, महिना कुठला आणि खराबी फळात नेमकी कुठे आहे.

वाण ओळखायचा कसा

मुंबईत सफरचंद विकताना नाव गावाचं सांगतात. सिमला, काश्मीर, किन्नौर, वॉशिंग्टन, इराण. गावावरून वाण कळत नाही. 'सिमला' म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा रॉयल डेलिशियस, नाहीतर त्याच कुळातलं सुपर चीफ, रेड चीफ किंवा ओरेगॉन स्पर. 'वॉशिंग्टन' म्हणून येतं ते बहुतांशी रेड डेलिशियस. काश्मीरची 'डेलिशियस'ही त्यातलीच. म्हणजे तीन नावांची, तीन भावांची सफरचंदं आणली तरी घरात कूळ एकच येतं आणि दुखणीही त्याच कुळाची येतात. 'सगळीकडून आणून बघितलं, सगळीकडे तेच' असं म्हणणाऱ्यांचं कोडं बहुतेक इथेच सुटतं.

डेलिशियस ओळखणं सोपं आहे. फळ खाली निमुळतं होत जातं आणि बुडाला पाच उंचवटे असतात. गाला त्यापेक्षा लहान, गोलसर, पिवळ्यावर लाल रेघा. फुजी गोल, हाताला जड, गुलाबीसर रेघांचं आणि दाताला कडक. हिरवं ते ग्रॅनी स्मिथ, पिवळं ते गोल्डन डेलिशियस (नावात डेलिशियस असलं तरी ते या लाल कुळातलं नाही). आयात फळावर स्टिकर असेल तर काम आणखी सोपं, कारण त्यावरचा चार आकडी नंबर वाणाचाच असतो: ४०१५ आणि ४०१६ रेड डेलिशियस, ४०२० आणि ४०२१ गोल्डन, ४०१७ ग्रॅनी स्मिथ, ४१३१ फुजी, ४१३५ गाला, ४१७४ रॉयल गाला. आपल्याकडे कोणी कसलाही स्टिकर चिकटवतो ही गोष्ट वेगळी. नंबर आणि फळाचा आकार जुळत नसेल तर आकारावर विश्वास ठेवा.

बाहेर काही नाही, गाभा काळा

सर्वांत जास्त फोटो याचे येतात, म्हणून याच्यावर जरा सविस्तर लिहितो.

याला बागायतदार 'मोल्डी कोअर' म्हणतात. लागण बाजारात होत नाही, शीतगृहातही होत नाही. ती झाडावर, फूल असतानाच होते. फळाच्या बुडाला जी वाळकी खळगी दिसते ती म्हणजे फुलाचा उरलेला भाग. त्या खळगीतून गाभ्याकडे एक नळी जाते. बहुतेक वाणांत फळ धरल्यावर ती मिटते. डेलिशियस कुळात ती बऱ्याच फळांत उघडी राहते. फुलावर बसलेले बुरशीचे बीजाणू, त्यातही अल्टरनेरियाचे, या नळीने आत उतरतात आणि गाभ्यात गप्प पडून राहतात. फळ पिकू लागलं की वाढतात. बागायतदाराने नंतर कितीही फवारणी केली तरी औषध गाभ्यापर्यंत जात नाही. जे काही करायचं ते फुलोऱ्याच्या दिवसांतच, आणि तेव्हा डोंगरात नेमका पाऊस असला की संपलं.

त्यामुळे या एका दुखण्यात वाणावाणांतला फरक सर्वांत ठळक दिसतो. रेड डेलिशियस आणि त्याची सगळी भावंडं पहिल्या नंबरवर. फुजीतही हा प्रकार सापडतो. गाला आणि ग्रॅनी स्मिथमध्ये त्या मानाने कमी. ज्यांच्या घरी लहान मुलं फळ हातात घेऊन तसंच चावतात त्यांनी डब्यासाठी गाला घ्यावं, हा माझा सरळ सल्ला. लालबुंद रंगाचा मोह सोडावा लागतो, एवढंच.

डेलिशियसच घ्यायचं असेल तर फळ उलटं करून बुडाची खळगी बघा. खळगी घट्ट मिटलेली असेल ते ठेवा; आत काळोखं भोक दिसत असेल आणि टूथपिक सहज आत जाईल असं वाटत असेल तर बाजूला करा. खात्री नाही, पण शक्यता बरीच कमी होते. फळ कानाशी हलवून बिया खुळखुळल्या म्हणजे आत कीड, असं आमच्याकडे एक काका ठामपणे सांगतात. त्यात तथ्य नाही. खुळखुळणं म्हणजे गाभ्याची पोकळी मोठी आणि बिया सुट्या, बस. आतली बुरशी आवाज करत नाही.

घरी कापताना सवय बदला. आपण उभ्या चार फोडी करतो आणि गाभा शेवटी काढतो, तोवर सुरी बुरशीतून फिरून सगळ्या फोडींना लागलेली असते. त्याऐवजी पहिला काप आडवा, बरोबर मध्यावर घ्या. पाच पाकळ्यांचा तारा दिसेल आणि गाभ्याची अवस्था एका नजरेत कळेल. बुरशी कोरडी, फक्त बियांच्या कप्प्यात, आणि भोवतीचा गर पांढरा असेल तर गाभा सढळ हाताने कापून टाकून बाकीचं खाता येतं. गर तपकिरी, ओलसर झाला असेल, वास येत असेल तर अख्खं फळ टाका. प्रसादाच्या फळात असं निघालं की घरात अपशकुनाची चर्चा सुरू होते. गणपतीच्या सुमारास हिमाचलच्या रॉयल डेलिशियसचा माल भरात असतो आणि त्या दिवसांत मुंबईत सफरचंद घराघरांत असतं, त्यामुळे हे निघण्याचं प्रमाणही तेव्हाच जास्त दिसतं.

गाभ्याभोवती तपकिरी, पण लव नाही

हे वेगळं. कापल्या कापल्या गाभ्याभोवतीचा गर तपकिरी दिसतो, कधी त्यात कोरड्या पोकळ्या असतात, सालीलगतचा भाग मात्र स्वच्छ पांढरा. बुरशी नाही, वास नाही. हे साठवणुकीतलं दुखणं. नियंत्रित वातावरणाच्या कोठीत प्राणवायू कमी ठेवतात, त्यात कार्बन डायऑक्साइड वाढला की काही वाण सहन करू शकत नाहीत. फुजी यात पुढे आहे, कारण त्याचा गर दाट असतो आणि आतला वायू बाहेर निघायला वेळ लागतो. संसर्ग नाही, शेजारच्या फळाला लागत नाही. तपकिरी भागाला चव नसते, तो काढून उरलेलं खा.

आणि कापून ठेवल्यावर काही वेळाने फोडी तांबूस होतात तो रोगच नाही. हवा लागल्यावर गरातलं विकर काम करतं एवढंच. निदान एका प्रश्नात होतं: सुरी घातली त्या क्षणी तपकिरी होतं की नंतर झालं? नंतर झालं असेल तर थोडं लिंबू किंवा मिठाचं पाणी लावा आणि विषय सोडा.

गर काचेसारखा पारदर्शक

ऑक्टोबरनंतर किन्नौरच्या मालात हे दिसतं. फळवाला म्हणतो, 'साखर उतरलीय यात', आणि तो अर्धा बरोबर असतो. पेशींमधल्या मोकळ्या जागेत सॉर्बिटॉल हे साखरेसारखं गोड द्रव्य आणि पाणी भरतं, म्हणून गर काचेसारखा दिसतो आणि गोडही लागतो. जपानमध्ये अशा फुजीला मुद्दाम मागणी असते. फुजी आणि डेलिशियस या दोन्हींत हे होतं, झाडावर जास्त दिवस राहिलेल्या फळात विशेष. अर्धं चूक एवढंच, की असं फळ टिकत नाही. ठेवलं तर तोच भाग पुढे तपकिरी पडतो. अशी पेटी आली तर दुसऱ्या कोणाला देऊन टाकायचं कारण नाही, आधी ती संपवा.

सालीखाली तपकिरी, कडू ठिपके

बिटर पिट. फळाच्या खालच्या अर्ध्यात सालीवर बारीक खोलगट डाग, साल सोलली की खाली कोरडा, बुचासारखा तपकिरी गर, चव कडवट. हे बुरशीने होत नाही. फळात कॅल्शियम कमी पडलं की होतं. मोठ्या आकाराच्या फळात आणि कमी फळं लागलेल्या झाडावर जास्त, कारण फळ फुगतं त्या मानाने कॅल्शियम पोचत नाही. बऱ्याचदा तोडणीच्या वेळी दिसतही नाही, साठवणुकीत उमटतं.

वाणांत सर्वांत नाजूक हनीक्रिस्प. त्याचा हा त्रास इतका प्रसिद्ध आहे की बागायतदार त्या वाणाचं कौतुक करताना आधी बिटर पिटबद्दल बोलतात. ग्रॅनी स्मिथ आणि गोल्डनलाही होतं. गाला इथेही बऱ्यापैकी निभावून नेतं. घेताना 'मोठ्यातलं मोठं फळ द्या' हा हट्ट सोडला की हा त्रास अर्धा कमी होतो. भेट द्यायच्या करंडीत बसवायला ती राक्षसी सफरचंदं ठीक आहेत. खायला मध्यम आकार घ्या.

सालीवर काळपट, खरखरीत खपल्या

स्कॅब. बागायतदाराची झोप उडवणारा रोग हाच, आणि आपल्याला सर्वांत कमी त्रास देणाराही हाच. खपली सालीपुरती असते. सोला आणि खा. तडकलेल्या खपलीतून दुसरी बुरशी शिरलेली नाही ना, तेवढं बघा.

पण मागची गोष्ट सांगण्यासारखी आहे. भारतात हा रोग पहिल्यांदा नोंदला गेला तो काश्मीरच्या स्वतःच्या अंबरी वाणावर, १९३०च्या दशकात. १९७३ मध्ये काश्मीरच्या बागांत त्याची मोठी साथ आली. देशी वाण म्हणजे काटक आणि परदेशी म्हणजे नाजूक असं जे आपण धरून चालतो ते इथे लागू पडत नाही. बुरशी गळलेल्या पानांत हिवाळा काढते, वसंतातल्या पावसात बीजाणू उडवते, आणि १६ ते २४ अंश तापमानात पानं सलग सहा तास ओली राहिली तरी लागण होते. रेड डेलिशियस, गाला, फुजी सगळेच तिला बळी पडतात. गोल्डन थोडा बरा, पण सुटलेला नाही. मग संकरातून रोगप्रतिकारक वाण आले: परदेशात प्रायमा, लिबर्टी, फ्लोरिना, काश्मीरच्या कृषी विद्यापीठाचे फिरदौस आणि शिरीन. पहिल्या तिघांत रानटी सफरचंदाच्या एका जातीतून आलेलं प्रतिकाराचं जनुक आहे. मुंबईच्या हातगाडीवर मात्र ही नावं ऐकू येत नाहीत, कारण बाजार लाल रंगावर आणि ओळखीच्या आकारावर चालतो. फवारण्या कमी असलेलं सफरचंद हवं असं मनापासून वाटणाऱ्यांनी खरं तर या वाणांची मागणी करायला हवी. त्याऐवजी आपण सालीवरच्या मेणाच्या मागे लागतो.

पिवळ्या किंवा हिरव्या फळावर काजळी फासल्यासारखे डाग आणि माशीने घाण केल्यासारखे काळे ठिपके असतील तर तो स्कॅब नव्हे. ती सालीच्या वर वाढलेली निरुपद्रवी बुरशी. लालवर ती लपते, गोल्डनवर उठून दिसते, आणि उगाच गोल्डनचं नाव खराब होतं.

आणली तेव्हा छान, दोन-तीन दिवसांत साल तपकिरी

मार्च ते जून या काळातली तक्रार. सालीवर भाजल्यासारखे तपकिरी पट्टे पसरतात, आत गर बरा असतो. याचं नाव स्काल्ड. फळ महिनोन्‌महिने शून्याच्या आसपास राहिलं की सालीत तयार होणाऱ्या एका द्रव्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि सालीच्या पेशी मरतात. कोठीत असेपर्यंत दिसत नाही. बाहेर आलं, मुंबईच्या तीस-पस्तीस अंशांत दोन दिवस बसलं, की उमटतं. फळवाल्याने सकाळी पेटी उघडली तेव्हा ते खरंच चांगलं होतं, तो खोटं बोलत नाही.

ग्रॅनी स्मिथ आणि रेड डेलिशियस यात सर्वांत कच्चे. गाला आणि गोल्डनला फारसं होत नाही. लवकर तोडलेल्या, पुरत्या न पिकलेल्या फळाला जास्त होतं. काश्मीरचा माल आता पुलवामाजवळच्या लासीपोरातल्या नियंत्रित कोठ्यांमधून उन्हाळ्यापर्यंत येत राहतो, त्यामुळे मे महिन्यातलं 'काश्मिरी' म्हणजे मागच्या शरदातलं फळ. त्यात गैर काही नाही, तंत्र चांगलं आहे. पण ते आणून आठवडाभर टोपलीत शोभेला ठेवायचं फळ नाही.

निळी-हिरवी बुरशी, मऊ पाणचट डाग

इथे वाणाचा दोष कमी आणि हाताळणीचा जास्त. पेनिसिलियम ही बुरशी जखमेतून शिरते. शेजारच्या फळाच्या देठाने टोचलं, पेटी आपटली, खोक्यात दाबून माल भरला, की तिला दार उघडलं. जम्मू-श्रीनगर रस्त्यावर रामबनकडे दरड कोसळून महामार्ग बंद पडला आणि ट्रक अडकून राहिले की पुढच्या आठवड्यातल्या पेट्यांमध्ये हे वाढलेलं दिसतं. हिमाचलने २०२४ च्या हंगामापासून साधारण २० किलोची युनिव्हर्सल कार्टन, म्हणजे ठरलेल्या मापाचं पुठ्ठ्याचं खोकं, सक्तीची केली. कारण मुख्यतः वजनाच्या वादाचं, पण ठासून भरणं थांबलं तर टोचलेली फळंही कमी होतील.

तरी वाणाचा थोडा हात आहेच. गोल्डनची साल पातळ, ती लवकर दबते आणि पाणी सोडून सुरकुततेही. गाला आणि फुजीला देठाच्या खळगीत बारीक तडे जातात आणि बुरशी तिथूनच आत जाते. इतका वेळ गालाची बाजू घेतली, म्हणून हेही सांगायला हवं: गाला घेताना बूड नाही, देठाची बाजू बघा.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. ही बुरशी पॅट्युलिन नावाचं विष तयार करते. ते डागाच्या आसपासच्या चांगल्या दिसणाऱ्या गरातही उतरतं आणि उकळून पुरतं जात नाही. सफरचंदाच्या रसात त्याची मर्यादा किलोला ५० मायक्रोग्रॅम ठरवलेली आहे. तेव्हा 'डाग काढून ज्यूस करून टाकू' ही काटकसर नको. डाग अगदी छोटा असेल तर भोवतीचा बराच भाग कापून टाका; मोठा असेल तर फळ कचऱ्यात. पेटीतलं असं एक फळ त्याच दिवशी बाहेर काढा आणि त्याला चिकटलेली फळं पुसून आधी खा.

फळं लहान, फिकी, बेचव, पण रोगट दिसत नाहीत

पावसाळा जास्त झालेल्या वर्षी हिमाचलच्या मालात हे येतं. मार्सोनिना नावाच्या बुरशीने ऑगस्टमध्येच झाडाची पानं पिवळी पडून गळतात. पानं नाहीत तर साखर कुठून येणार? डेलिशियस आणि गोल्डन दोन्ही यात सापडतात. फळात खाण्याच्या दृष्टीने दोष नाही, फक्त भाव त्या मानाने द्या.

इंटरनेटवरचे तक्ते का गोंधळात टाकतात

वाण आणि रोग यांचे जे तक्ते शोधल्यावर समोर येतात ते बहुतेक अमेरिकी बागायतदारांसाठी केलेले असतात. त्यांत रकाने चार: स्कॅब, भुरी, तांबेरा, फायर ब्लाइट. भुरी आणि तांबेरा हे बुरशीचे रोग; फायर ब्लाइट म्हणजे फुलं-फांद्या जळाल्यासारख्या करणारा जिवाणूजन्य रोग. त्या तक्त्यात रेड डेलिशियस चांगल्यापैकी उत्तीर्ण होतं, कारण फायर ब्लाइट आणि तांबेरा दोन्ही ते बरं सोसतं. गोल्डन तांबेऱ्यात सपशेल नापास. आणि आपलं लाडकं गाला फायर ब्लाइटला पटकन बळी पडतं. हे वाचून आमच्या ग्रुपवर कोणी तरी निष्कर्ष काढला, की रेड डेलिशियसच सर्वांत निरोगी.

झाडाच्या बाबतीत ते खरं असेल. पण तांबेऱ्याला तिथल्या ज्युनिपर जातीच्या झाडाचा शेजार लागतो, आणि फायर ब्लाइटने फांदी जळते, तुमची फोड नाही. गाभ्याची बुरशी, बिटर पिट, स्काल्ड हे रकाने त्या तक्त्यात नसतातच, कारण तो झाड लावणाऱ्यासाठी आहे. खाणाऱ्याचा तक्ता वेगळा काढावा लागतो आणि त्यात रेड डेलिशियस खाली जातं: गाभ्यात पहिलं, स्काल्डमध्ये वरच्या दोघांत, काचेच्या गरातही हजर, आणि फ्रीजबाहेर ठेवलं की लवकर पिठूळ होतं.

बाल्कनीत एचआरएमएन-९९ किंवा अन्ना लावून बसलेल्यांचे प्रश्नही येतात. हे कमी थंडीवर फळणारे वाण आहेत, तो भाग ठीक. पण मुंबईत त्यांना स्कॅबची नाही, पावसाळ्यात कुंडीत तुंबणाऱ्या पाण्याने मुळं कुजण्याची भीती जास्त. तो वेगळा विषय आहे.

मग कधी काय घ्यायचं

जुलै-ऑगस्टमध्ये हिमाचलचा पहिला माल येतो. त्यात गाला मिळालं तर उत्तम. सप्टेंबरमध्ये रॉयल डेलिशियस स्वस्त आणि ताजं असतं, घ्या, पण बूड बघून आणि चार-पाच दिवसांत संपेल एवढंच. नवरात्रात उपासाला जास्त लागतं तेव्हा थोडं गोल्डन मिसळा. दिसायला साधं असलं तरी गाभा बहुधा स्वच्छ निघतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये किन्नौर आणि काश्मीर. वर्षातली सर्वांत चांगली सफरचंदं याच दिवसांत खाऊन घ्यावीत. काश्मीरचं महाराजी आंबट म्हणून लोक टाळतात, पण ते टिकाऊ आहे. जानेवारीपासून कोठीतला माल. एप्रिल ते जून मी तरी डेलिशियस घेत नाही. त्या दिवसांत न्यूझीलंड, चिली, दक्षिण आफ्रिका इकडचं गाला येतं; तिथे तोडणी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते, म्हणजे ते तुलनेने ताजं. महाग पडतं. परवडत नसेल तर मे महिन्यात मुंबईत सफरचंदाशिवाय काही अडत नाही, आंबा आहे.

काही गाड्यांवर अजून 'चायना फुजी' अशी हाक ऐकू येते. चीनमधून सफरचंद आणणं भारताने २०१७ मध्ये किडींच्या कारणाने थांबवलं. नावावर जाऊ नका, फळ बघा.

पेटी घेताना वरच्या थरावर निर्णय घेऊ नका. गाळ्यावर विनंती केली तर खालच्या थरातलं एखादं फळ काढू देतात; ते विकत घ्या आणि तिथेच आडवं कापून बघा. एका फळावरून पेटीचा गाभा कळत नाही, पण काचेचा गर, आतला तपकिरीपणा आणि पिठूळपणा हे तिघं कळतात, कारण ते सहसा अख्ख्या खेपेत असतात. गाभ्याची बुरशी तशी नसते, ती फळागणिक वेगळी. म्हणून वीसात दोन काळी निघाली तर पेटी परत करायला जाऊ नका, गाळेवाला ऐकणार नाही आणि त्याचं बरोबर आहे. निम्मी पेटी तपकिरी निघाली तर मात्र त्याच दिवशी फोटोसह सांगा. किरकोळ फळवाल्याशीही हाच हिशेब ठेवा: गाभा त्याच्या हातात नाही, टोचलेली आणि निळी बुरशी आलेली फळं निवडणं आहे.

घरी आणल्यावर धुऊन ठेवू नका. देठाच्या खळगीत पाणी राहतं आणि दमट हवेत तिथूनच बुरशी सुरू होते; खायच्या वेळी धुवा. भोकं पाडलेल्या पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. पालक, मेथी, काकडी त्याच कप्प्यात नको, सफरचंदातून निघणाऱ्या इथिलीनने पालेभाजी पिवळी पडते. आणि पुढच्या वेळी ग्रुपवर फोटो टाकाल तेव्हा दोन टाका: एक कापलेल्या फळाचा आणि एक कापण्याआधीच्या बुडाचा. निम्म्या वेळा दुसऱ्या फोटोवरूनच वाण आणि दुखणं दोन्ही सांगता येतं.